होडीत 'आपण' की 'आम्ही'? मार्कचा चौथा अध्याय आणि ग्रीक व्याकरण

दर्याकिनारी (वसई)

मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाच्या शेवटी, ३५ ते ४१ या वचनांत, गालील सरोवरातल्या वादळाची गोष्ट आहे. प्रभू येशू होडीच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलेला, पाणी आत येतंय, शिष्य त्याला उठवून ओरडतात. आमच्या कोळीवाड्यातल्या शुक्रवारच्या वाचनाला हा भाग घेतला आणि त्या ओरडण्यावरच चर्चा अडली. शिष्य काय म्हणाले? "गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का?" की "आपण बुडतोय"?

मूळ ग्रीकमध्ये तिथे एकच क्रियापद आहे: आपोल्लूमेथा. सर्वनाम वेगळं दिलेलंच नाही. 'मेथा' या प्रत्ययात कर्ता आला: प्रथम पुरुष, अनेकवचन. त्यात समोरचा धरलाय की वगळलाय, हे ग्रीक सांगत नाही, कारण त्या भाषेत हा भेदच नाही. मराठीत मात्र सुटका नाही. 'आम्ही' म्हटलं की झोपलेला येशू बुडणाऱ्यांतून बाहेर, 'आपण' म्हटलं की तोही त्यांच्यातला.

वाचनाला बसलेल्यांत बरेच जण दर्यावर आयुष्य काढलेले. एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) लगेच सांगितलं, "होडीतला माणूस 'आम्ही बुडतो' म्हणतच नाही. होडी गेली की सगळेच गेले." त्यांच्या शेजारच्या मावशींचं म्हणणं बरोबर उलटं: याला काही होणार नाही अशी ज्याच्याबद्दल खात्री असते, त्यालाच माणूस 'आम्ही बुडतोय' म्हणून हाक मारतो. म्हणजे प्रश्न श्रद्धेपर्यंत जातो. तांडेलकाकांच्या वाचनात शिष्यांना येशू आपल्यासारखाच मरणारा माणूस वाटतोय. मावशींच्या वाचनात ते त्याला आधीपासूनच वेगळा मानतायत.

ज्यांचं ग्रीक पक्कं आहे त्यांनी सांगावं, व्याकरणात कुठे काही धरायला मिळतं का? आणि या सात वचनांत ग्रीक क्रियापदं जे करतात त्यातलं मराठीत किती येतं, तेही बघूया.

---

मालवणचो झिल

बरां लिवलास. तांडेलकाकांचा माका पटला. 'आपण'च.

---

रत्नागिरीची बाई

मी ख्रिस्ती नाही. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, त्या वाटेने ग्रीककडे वळले. 'आपोल्लूमेथा' वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

हा 'मेथा' आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतात क्रियापदाच्या रूपांचे दोन संच आहेत, परस्मैपद आणि आत्मनेपद. आत्मनेपदी धातूंना लङ् या भूतकाळात उत्तमपुरुषी बहुवचनाला, म्हणजे 'आम्ही'च्या रूपाला, 'महि' लागतो. ग्रीक 'एफेरोमेथा' आणि संस्कृत 'अभरामहि' शेजारी ठेवून बघा. धातू एक, प्रत्यय एक, आणि धातूच्या आधी लागलेला भूतकाळाचा 'ए' किंवा 'अ' सुद्धा एक. ग्रीक वैयाकरण ज्याला मधला प्रयोग म्हणतात तो म्हणजे आपलं आत्मनेपद.

इथे त्याचा उपयोग असा. हाच धातू परस्मैपदासारखा चालवला तर अर्थ 'नाश करणे', आत्मनेपदासारखा चालवला तर 'नाश पावणे'. मराठीने आत्मनेपद टाकून दिलं, पण ती जागा 'बुडवणे' आणि 'बुडणे' अशा जोड्यांनी भरून काढली. धातूचा मूळ अर्थ नाश होणं, मरणं असा आहे, पाण्यात बुडण्यापुरता तो नाही. आणि रूप वर्तमानकाळी आहे. 'मरू' असं भविष्य नाही, 'मरतोय' असं चालू आहे.

'आपण' आणि 'आम्ही' हा भेद संस्कृतातही नव्हता. 'वयम्' दोन्हीकडे चालतं. मराठीत तो आला तो द्राविडी भाषांच्या सहवासातून, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तमिळ आणि तेलुगूत तो आहे. त्यामुळे तुमची अडचण संस्कृतात अनुवाद करणाऱ्याला आलीच नसती.

---

ग्रीकवाचक (अलिबाग)

दर्याकिनारी, धरायला मिळतं, आणि ते ३८व्या वचनात नसून ३५व्यात आहे.

प्रवासाची सुरुवात येशूच्या वाक्याने होते: "दिएल्थोमेन एइस तो पेरान." 'दिएल्थोमेन' हे प्रथमपुरुषी अनेकवचनी रूप चला-करूया या अर्थाचं आहे. "चला, पलीकडे जाऊया." मराठीतला हा 'जाऊया' बघा. 'आपण जाऊया' म्हणता येतं, 'आम्ही जाऊया' म्हणता येत नाही. म्हणजे सर्वनाम न वापरताही ग्रीकने इथे 'आपण'च म्हटलं, कारण रूपच सोबत येण्याचं आमंत्रण आहे.

तीन वचनांनंतर शिष्य त्याच पुरुषात, त्याच अनेकवचनात ओरडतात. ग्रीक ऐकणाऱ्याच्या कानावर दोन्ही क्रियापदं प्रथमपुरुषी अनेकवचनी म्हणूनच पडली. 'जाऊया' म्हणणारा आणि 'मरतोय' म्हणणारे एकाच होडीत. मराठीत ३८ला 'आम्ही' घातलं की येशूने 'आपण' म्हणून उचललेली वाट शिष्यांनी मध्येच तोडली असं होतं. मार्कच्या मनात तसं असेलही, पण ते दाखवणारं रूप त्याच्या भाषेत नव्हतं. जे त्याने लिहिलं त्यात सलगता आहे. म्हणून माझं मत 'आपण'.

आता क्रियापदांकडे. हा भाग ग्रीकमध्ये मोठ्याने वाचण्यासारखा आहे.

३७वं वचन: 'गिनेताइ लाइलाप्स'. वादळ सुटतं. वर्तमानकाळ, घडून गेलेल्या गोष्टीत. ३८: 'एगेइरूसिन', उठवतात. 'लेगूसिन', म्हणतात. पुन्हा वर्तमान. अशी कथा सांगताना वापरलेली वर्तमानं मार्कमध्ये सुमारे दीडशे ठिकाणी आहेत, ती त्याची सवयच आहे. मत्तय आणि लूक हे दुसरे दोन शुभवर्तमानकार हीच गोष्ट सांगताना 'उठवतात'चं 'उठवलं' करून टाकतात. आपल्याकडे ओट्यावर बसून गोष्ट सांगणारा माणूस नेमका मार्कसारखा बोलतो: "आणि काय, वारा सुटतो, हे जाऊन त्याला उठवतात, म्हणतात..." मराठीला हे अजिबात परकं नाही. तरी अनुवादात आपण सगळं 'उठवले, म्हणाले' असं भूतकाळात सपाट करतो, ही मला खरी हानी वाटते.

त्या वर्तमानांच्या मधोमध लाटांचं क्रियापद वेगळं आहे: 'एपेबाल्लेन'. हा चालू भूतकाळ. लाटा एकदा आदळल्या असं नाही, आदळत होत्या, एकामागून एक. मराठीच्या 'आदळत होत्या' मध्ये तो सहज उतरतो.

मग ३९. येशू उठतो आणि काळ पालटतो. 'एपेतिमेसेन', दटावलं. 'एकोपासेन', वारा पडला. 'एगेनेतो', शांत झालं. तिन्ही अओरिस्ट, म्हणजे क्रिया बाहेरून, अख्खी बघणारं रूप. गोंधळ आहे तोवर 'सुटतं, उठवतात, म्हणतात' आणि आदळत राहणाऱ्या लाटा. त्याने तोंड उघडल्यावर सगळं झाल्यात जमा. ज्याला ग्रीक येत नाही त्यालाही हा फरक ऐकू यावा, तो मराठीत सहज आणता येतो, म्हणून मी इतकं लिहितोय.

आणि समुद्राला दिलेल्या त्या दोन आज्ञा: 'सिओपा, पेफिमोसो'. पहिली वर्तमान आज्ञार्थ: गप्प राहा. दुसरी परफेक्ट आज्ञार्थ, कर्मणी. हे रूप नव्या करारात फारच दुर्मीळ. धातू मुसकं बांधण्याचा, मळणीच्या बैलाला घालतात ते मुसकं. याच धातूची साधी अओरिस्ट आज्ञा मार्कने पहिल्या अध्यायात (१:२५) भुताला दिलेली दाखवली आहे: 'फिमोथेती', गप्प हो. समुद्राला तेवढं पुरत नाही. तिथे परफेक्ट येतो: तोंड बांधलं जाऊ दे आणि बांधलेलंच राहू दे. 'शांत हो' म्हणून ते संपत नाही. 'गप्प झालास, आता गप्पच राहा' असं काहीतरी हवं.

---

महाडकर

वाचनीय धागा. एक शंका. आमच्याकडच्या सभेत उपदेशात ऐकलंय की अओरिस्ट म्हणजे 'एकदाच आणि कायमचं'. त्या हिशोबाने 'वारा पडला' हाही अओरिस्ट, म्हणजे कायमचा पडला असा अर्थ घ्यायचा का? वधस्तंभाबद्दलची बरीच वचनं याच आधारावर समजावली जातात म्हणून विचारतो.

---

ग्रीकवाचक (अलिबाग)

महाडकर, नाही. हे व्यासपीठावरून खूप सांगितलं जातं आणि त्यातून लोकांची दिशाभूल होते, म्हणून स्पष्ट लिहितो.

योहान २:२० बघा. यहुदी म्हणतात, "हे मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली." 'बांधलं गेलं' हे क्रियापद तिथे अओरिस्ट आहे: ओइकोदोमेथे. शेहेचाळीस वर्षं चाललेलं काम, आणि वाक्य बोललं जात होतं तेव्हाही ते पुरतं संपलेलं नव्हतं. रोमकरांस ५:१४ मध्ये आदामापासून मोशेपर्यंत मरणाने राज्य केलं, तेही अओरिस्ट. अओरिस्ट क्रियेचा कालावधी सांगत नाही आणि ती पुन्हा होणार नाही असंही सांगत नाही. क्रिया एक अख्खा घास म्हणून समोर ठेवतो, इतकंच. फ्रँक स्टॅग या अभ्यासकाने १९७२ मध्ये याच गैरवापरावर एक लेख लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे.

ख्रिस्ताचं मरण एकदाच झालं हे बायबल म्हणतं, पण ते 'एकदाच' या अर्थाचं वेगळं क्रियाविशेषण घालून म्हणतं (रोमकरांस ६:१०, इब्री ९ आणि १०). काळाच्या रूपात ते लपलेलं असतं तर क्रियाविशेषणाची गरजच नव्हती.

---

रत्नागिरीची बाई

याला जोड देते. इंग्रजी पुस्तकांत लुङ् ला अओरिस्ट म्हणतात म्हणून आमचे विद्यार्थी दोन्ही एकच समजतात. पाणिनीने लुङ् साध्या भूतकाळाला दिला, लङ् आजच्या आधीच्या भूतकाळाला, लिट् डोळ्याआड घडलेल्या भूतकाळाला. त्याची वाटणी कधी घडलं आणि कुणी बघितलं यावर आहे. ग्रीकांची वाटणी क्रियेकडे बघायचं कसं यावर आहे. रूपं बहिणी आहेत, संसार वेगळे.

---

कोर्लईकर

मी ग्रीक शिकलेलो नाही. पण 'झालं' या शब्दावरून आठवलं म्हणून विचारतो. योहानाच्या पहिल्या अध्यायात 'शब्द होता', 'शब्द देव होता' असं येतं आणि पुढे 'शब्द देही झाला'. मराठीत 'होता' आणि 'झाला' यांत जो फरक आहे तो मुळात आहे का, की अनुवादकाने केलाय?

---

ग्रीकवाचक (अलिबाग)

कोर्लईकर, मुळात आहे. पहिल्या वचनात तीनदा 'एन': होता, होता, होता. हा असण्याचा चालू भूतकाळ, सुरुवातीचा पत्ता न देणारा. तिसऱ्या वचनात सृष्टीबद्दल 'एगेनेतो': झालं, अस्तित्वात आलं. सहाव्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दलही 'एगेनेतो', तोही एक दिवस आला. आणि चौदाव्यात तेच क्रियापद शब्दाला लागतं: देही झाला. जो 'होता' तो 'झाला'. सगळी प्रस्तावना या दोन क्रियापदांवर उभी आहे. मराठीत असणे आणि होणे हे दोन धातू रोजच्या बोलण्यात वेगळे आहेत, त्यामुळे आपल्या वाचकाला हे फुकटात मिळतं.

पुढे ८:५८ला तर दोन्ही एका वाक्यात आहेत. अब्राहाम 'होण्याआधी' (गेनेस्थाइ, होणे) 'मी आहे' (एगो एइमि, असणे). 'मी होतो' असंही नाही, 'मी आहे'. व्याकरणाला तिथे धक्का बसतो आणि तो बसावा म्हणूनच ते तसं लिहिलंय. अनुवादात तो धक्का गुळगुळीत करू नये.

पहिल्याच वचनातलं 'शब्द देव होता' यावर मोठा वाद आहे, कारण ग्रीकमध्ये तिथे 'देव' या नामाला उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द) नाही आणि ते क्रियापदाच्या आधी आलंय: थेओस एन हो लोगोस. उपपद नाही म्हणून 'एक देव' असा अर्थ काढणारे आहेत. कोलवेल या अभ्यासकाने १९३३ मध्ये दाखवलं की क्रियापदाआधी आलेलं निश्चित विधेय नाम (कर्ता कोण ते सांगणारं, 'तोच तो' असं ठरलेलं नाम) बहुधा उपपद टाकतं. पण त्याचा नियम उलटा फिरवून, उपपद नाही म्हणजे ते निश्चितच, असंही म्हणता येत नाही. पुष्कळ वैयाकरणांचा कल असा की ते नाम गुण सांगतं: शब्दाचं स्वरूप देवाचं आहे. शब्द म्हणजेच पिता असं ते म्हणत नाही, कारण आधीच्या उपवाक्यात शब्द देवाजवळ होता असं येऊन गेलंय. मराठीला उपपदच नाही. त्यामुळे आपल्याकडे हा वाद वाक्यात दिसत नाही, तळटीपेतच राहतो.

---

सागरलाटा (उत्तन)

सगळं वाचलं. मनापासून एक सांगायचंय. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती रोझरी म्हणायची, दर्यावर गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायची, आणि तिच्या श्रद्धेला अओरिस्ट लागला नाही. आपण प्रत्ययांत इतके शिरलो तर साध्या भाविकाला असं वाटणार नाही का, की बायबल समजायला पदवी लागते?

---

दर्याकिनारी (वसई)

सागरलाटा ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही.

आजीला जे शुभवर्तमान ऐकू आलं ते कुणीतरी तिच्या भाषेत आणलं म्हणून ऐकू आलं. आणणाऱ्याने प्रत्येक प्रत्ययापाशी थांबून काहीतरी ठरवलेलं असतं. ते नीट ठरवलं असेल तर आजीला व्याकरणाची गरज पडत नाही. आपल्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' केलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. असं काम करणाऱ्याने वर्षानुवर्षं मान मोडून रूपं तपासलेली असतात, ती वाचकाच्या डोक्यावर ओझं पडू नये म्हणूनच.

आणि आमच्या वाचनात हा प्रश्न शिकलेल्या माणसाने काढलाच नव्हता. तो तांडेलकाकांनी काढला. व्याकरण त्यांना आधीच येत होतं.

---

सागरलाटा (उत्तन)

हे पटलं. मग मीही एक विचारते. शिष्य येशूशी बोलताना आपल्याकडे 'तू' येतं, 'तुम्ही' येतं, 'आपण' येतं. मुळात काय आहे?

---

ग्रीकवाचक (अलिबाग)

मुळात फक्त एकवचन आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. 'ऊ मेलेइ सोइ', शब्दशः 'तुला काळजी नाही का'. राजा, गुलाम, देव, मूल, एकच माणूस समोर असेल तर एकच रूप. मराठीत आदर दाखवावाच लागतो किंवा टाळावाच लागतो, मधली जागा नाही.

या वचनात एक खास अडचण होते. येशूला आदराने 'आपण' म्हणायचं ठरवलं आणि होडीतल्या सगळ्यांनाही 'आपण' म्हटलं, तर वाक्य असं होतं: "आपण बुडतोय, याची आपल्याला काळजी नाही का?" आता कोण बुडतंय आणि कुणाला काळजी नाही, सगळं एकमेकांत मिसळलं. म्हणून 'आपण' निवडणाऱ्याने येशूला 'तुम्ही' म्हणावं. बुडत्या होडीत खलाशी तांडेलाशी 'आपण' लावून बोलेल असं मला वाटतही नाही.

दुसऱ्या बाजूने आदरार्थी अनेकवचनाने नुकसानही होतं. लूक २२:३१-३२ मध्ये येशू पेत्राला म्हणतो की सैतानाने 'तुम्हाला' मागितलं, तिथे ग्रीक अनेकवचन आहे, म्हणजे सगळ्या शिष्यांना. लगेच पुढे 'पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली', एकवचन, एकट्या पेत्रासाठी. मराठीत 'तुम्हाला' आणि 'तुझ्यासाठी' असं ठेवलं की हे नेमकं कळतं. मात्र वाचणाऱ्याने पहिलं 'तुम्हाला' आदरार्थी समजलं तर सगळं हुकतं.

प्रभूच्या प्रार्थनेत उलट फायदा आहे. ग्रीक 'पातेर हेमोन' मध्ये भेद नाही. पण प्रार्थना पित्यालाच उद्देशून आहे, म्हणून मराठीत 'आमच्या' येतं आणि तेच बरोबर. 'हे आपल्या पित्या' म्हटलं तर पिता स्वतःचाच पिता झाला असता.

---

महाडकर

आज्ञार्थाबद्दलही लिहा ना थोडं. समुद्राला दिलेल्या आज्ञेवरून उत्सुकता वाढली.

---

ग्रीकवाचक (अलिबाग)

थोडक्यात. वर्तमान आज्ञार्थ क्रिया चालू असल्यासारखी बघतो. मत्तय ७:७ मधले 'मागा, शोधा, ठोठवा' हे तिन्ही वर्तमान आहेत, म्हणून 'मागत राहा' असं पुष्कळजण समजावतात. संदर्भाला ते शोभतं, पण प्रत्येक वर्तमान आज्ञार्थाला 'राहा' चिकटवू नये.

नकारात फरक अधिक जाणवतो. योहान २०:१७ मध्ये पुनरुत्थित येशू मरीया माग्दालियाला म्हणतो, 'मे मू हाप्तू'. नकार आणि वर्तमान आज्ञार्थ. चाललेली गोष्ट थांबव, असा त्याचा सूर निघू शकतो: मला धरून ठेवू नकोस. मराठीत 'मला शिवू नकोस' केलं तर आपल्या मातीत त्याला सोवळ्याओवळ्याचा, विटाळाचा वास येतो. एका बाईला तो शिवू नकोस म्हणाला, असं ऐकणाऱ्याच्या मनात काय काय उभं राहील याचा विचार करा. ग्रीक रूपात विटाळ कुठेच नाही. तिने धरलंय, आणि तिला सोडून भावांकडे निरोप घेऊन जायचंय. पुढचीच आज्ञा 'जा' आहे. इथे मला वाटतं, व्याकरण नीट वाचणं हे त्या बाईला न्याय देणंही आहे.

---

रत्नागिरीची बाई

हे फार बरं झालं लिहिलंत.

ग्रीक आणि मराठी दोघी मिळून गप्प बसतात अशी एक जागा मला माहीत आहे, ती इथे मांडते. गलतीकरांस २:१६. माणूस नीतिमान ठरतो तो 'पिस्तेओस इयेसू ख्रिस्तू' यातून. येशू ख्रिस्त षष्ठीत आहे. आता ही षष्ठी कर्त्याची की कर्माची? पाणिनीचं सूत्र आहे 'कर्तृकर्मणोः कृति'. कृदन्ताबरोबर, म्हणजे धातूपासून बनलेल्या नामाबरोबर, षष्ठी कर्त्यालाही लागते आणि कर्मालाही. 'कृष्णस्य कृतिः' मध्ये कृष्ण करणारा, 'जगतः कर्ता' मध्ये जग केलं जाणारं. ग्रीकमध्ये हीच दुहेरी सोय आहे. कर्माची षष्ठी घेतली तर 'ख्रिस्तावरचा विश्वास', म्हणजे आपण ठेवलेला. कर्त्याची घेतली तर 'ख्रिस्ताची निष्ठा', म्हणजे त्याने पित्याशी राखलेली. तारण कशाने होतं, याचं उत्तर एका षष्ठीवर झुलतंय. रिचर्ड हेज यांनी १९८३ मध्ये दुसऱ्या अर्थाची बाजू मोठ्या ताकदीने मांडली, तेव्हापासून वाद पुन्हा पेटला.

मला पहिला अर्थ जवळचा वाटतो, कारण त्याच वचनात या पत्राचा लेखक पौल पुढे क्रियापद वापरून 'आम्हीही ख्रिस्त येशूवर विश्वास ठेवला' असं उघड म्हणतो. पण दुसऱ्या बाजूचे म्हणतात, एकच गोष्ट तो एका दमात दोनदा कशाला सांगेल? तेही टाकाऊ नाही.

हे वाचताना मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. लहानपणापासून संस्कृत मुखोद्गत, मग हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ला त्या गेल्या आणि ते १९२४ला छापून आलं. कर्त्याची षष्ठी की कर्माची, हा प्रश्न ज्यांना पाळण्यापासून माहीत होता अशा त्या अनुवादिका. त्यांच्या कामाचा व्याकरणाच्या अंगाने कुणीतरी बारकाईने अभ्यास करायला हवा. ही माझी तळमळीची विनंती समजा.

---

वेंगुर्ल्याचा वाचक

आमच्या किनाऱ्यावर हे व्याकरणाचं वेड जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं, ओवीबद्ध मराठीत, पण रोमन लिपीत. त्याच माणसाने इथल्या बोलीचं व्याकरणही लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४०ला छापून आलं. पुराण सांगणारा आणि प्रत्यय मोजणारा एकच माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

मालवणचो झिल

एक प्रश्न रवलो. प्रश्नार्थक वाक्याबद्दल कोणी बोलला नाय. "काळजी नाही का" ह्या रागान की विश्वासान?

---

ग्रीकवाचक (अलिबाग)

चांगला प्रश्न. ग्रीकमध्ये नकाराचे दोन शब्द आहेत, 'ऊ' आणि 'मे'. प्रश्न 'ऊ'ने विचारला तर विचारणाऱ्याला 'हो' अपेक्षित असतं, 'मे'ने विचारला तर 'नाही'. याच अध्यायात २१व्या वचनात 'मे'चा नमुना आहे: दिवा मापाखाली ठेवायला आणतात की काय? उत्तर उघड, नाही. वादळात शिष्य 'ऊ' वापरतात. म्हणजे त्यांच्या आतला हिशोब असा: तुला काळजी आहे, असायलाच हवी, मग झोपलायस कसा? राग आहे, पण ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरचा राग. मराठीत 'तुम्हाला काहीच वाटत नाही का?' मध्ये तो सूर बराचसा येतो. मत्तयने याच ठिकाणी प्रश्न काढून टाकला आणि 'प्रभू, वाचव' अशी प्रार्थना ठेवली. लूकने 'गुरुजी, गुरुजी' अशी दोनदा हाक ठेवली. 'आपोल्लूमेथा' मात्र तिघांनीही तसंच राखलं.

---

दर्याकिनारी (वसई)

सगळ्यांचे आभार. आम्ही वाचनात असं घ्यायचं ठरवलंय: "गुरुजी, आपण मरतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का?" आधीची वाक्यं 'वादळ सुटतं, उठवतात, म्हणतात' अशी ठेवणार, आणि ३९पासून 'दटावलं, पडला, झालं'. मावशींना 'आपण' अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं आम्ही समासात लिहून ठेवणार आहोत, कारण ग्रीकने त्यांना खोटं पाडलेलं नाही.

तांडेलकाकांनी जाता जाता आणखी एक विचारलं. ३६व्या वचनात 'त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या' असं आहे. त्यांचं काय झालं? 'आपण' मध्ये त्या धरायच्या का?

---

ग्रीकवाचक (अलिबाग)

तो तपशील फक्त मार्कमध्ये आहे. मत्तय आणि लूकने गाळलाय, आणि मार्कही पुन्हा त्या होड्यांकडे वळत नाही. ग्रीकमध्ये तिथे 'होती' हे क्रियापद एकवचनी आहे, 'एन', पण त्यावरून होडी एकच होती असं समजू नका. नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्त्याला ग्रीक एकवचनी क्रियापद लावते. लाटांच्या 'एपेबाल्लेन'चंही तेच. त्यामुळे होड्या अनेकच. 'मेथ् आउतू', त्याच्याबरोबर. वादळ त्यांनाही लागलंच असणार, आणि वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला. 'जाऊया' हे येशू आपल्या शिष्यांना म्हणाला, म्हणून व्याकरणाने त्या होड्या 'आपण' मध्ये येत नाहीत. तांडेलकाकांनी त्या धरल्या तर मी हरकत घेणार नाही.